मार्कोसची पायाभरणी: छाननी आधी की पाणी आधी?

किनारपट्टी, वास्को

मरीन कमांडोंच्या, म्हणजे मार्कोसच्या, सुरुवातीच्या प्रशिक्षणात कशाच्या आधी काय यावं, एवढाच माझा मुद्दा आहे. नौदलाचं हे दल १९८७ मध्ये उभं राहिलं. त्यात बाहेरून थेट भरती नाही. नौदलात आधीच असलेले अधिकारी आणि नौसैनिक स्वेच्छेने नाव देतात. मग शारीरिक चाचणी, त्यानंतर काही आठवड्यांचा कडक टप्पा, ज्यात झोप तोडलेली असते आणि श्रम थांबत नाहीत. त्यात टिकलेल्यांना मुंबईच्या आयएनएस अभिमन्यू या तळावर मूलभूत प्रशिक्षण, कोचीला डायव्हिंग, आग्र्याला पॅराशूटच्या उड्या. म्हणजे पाण्याचं सविस्तर शिक्षण मिळतं ते छाननी पार झाल्यावर. माझ्या मते निदान चार आठवडे निव्वळ पाण्याचं तंत्र आधी शिकवावं आणि मग हवं तेवढं पिळून काढावं.

पाण्यात धीर सुटला की आपण त्याला सरसकट भित्रेपणा म्हणतो. बऱ्याचदा ती तंत्राची चूक असते. अमेरिकी नौदलाच्या सील्स कमांडोंच्या, कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोतल्या प्रशिक्षणातला एक सराव बघा. हात पाठीमागे आणि पाय घोट्याशी बांधलेले, पाणी साधारण नऊ फूट. तळाला जायचं, रेटा देऊन वर यायचं, एक श्वास घ्यायचा, परत खाली. हे पाच मिनिटं चालतं. नवखा माणूस छातीत हवा कोंडून धरतो. भरलेल्या छातीने तो तळापर्यंत पोचतच नाही, मध्येच तरंगत राहतो, पाय झाडतो, दम खर्च करतो आणि तोंड पुरतं बाहेर यायच्या आधीच श्वास ओढतो. नाकात पाणी गेलं की पुढचं सगळं बिघडतं. शिकवलेला माणूस खाली जातानाच हवा सोडत जातो, त्यामुळे अलगद बुडतो, गुडघे वाकवून तळाला टेकतो, एकच रेटा देतो आणि तोंड पाण्याबाहेर आल्यावरच श्वास घेतो. या दोघांच्या हिमतीत फरक असेलच असं नाही. हवा कधी सोडायची हे एकाला कुणीतरी दाखवलेलं असतं, दुसऱ्याला नसतं. असा दुसरा माणूस पहिल्याच आठवड्यात परत जहाजावर पाठवला तर नुकसान दलाचं आहे.

घाटवाट, सत्तरी

पूर्ण असहमत. किनारपट्टी, तुम्ही सांगितलेलं तंत्र बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. नाव देणारा माणूस नौसैनिक आहे. नौदलाच्या प्राथमिक प्रशिक्षणात त्याला पोहणं शिकवलेलं असतं. छाननीत बघायचं असतं ते वेगळंच: तीन रात्री झोप नाही, खांद्यांची सालं निघालेली आहेत, बुटात वाळू आहे, आणि अशा अवस्थेत हा माणूस साधी सूचना ऐकून तशीच पाळतो का? ताज्या अंगाने, चार आठवडे घोटून घेतलेलं तंत्र त्याच्याबद्दल यातलं काहीच सांगत नाही.

शिवाय तुमचा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलेला आहे. सील्सनी कोरोनाडोच्या आधी तयारीची शाळा सुरू केली, ग्रेट लेक्सला. तिथे पोहणं, पळणं सगळं सुधारून घेतात. तरी कोरोनाडोत पहिल्या टप्प्यातली गळती मोठीच राहिली आणि बहुतेक जण स्वतःच घंटा वाजवून बाहेर पडतात.

आणि प्रशिक्षकांचा हिशेब करा. बांधलेल्या हातापायांचा सराव घ्यायचा तर प्रत्येक दोन-तीन माणसांमागे एक सावध डोळा पाण्यात लागतो, काठावर वैद्यकीय मदतनीस आणि ऑक्सिजन लागतो. एवढी माणसं छाननीच्या आधीच्या गर्दीसाठी अडकवून ठेवायची?

वैद्यक, फोंडा

दोघांच्या वादात शरीर राहूनच गेलं. हाड आणि स्नायू काय सोसतात यावरही क्रम ठरायला हवा.

अचानक भार वाढला की हाड आधी स्वतःचा जुना भाग काढून टाकतं आणि नवा भरायला कित्येक आठवडे घेतं. मधल्या काळात ते नेहमीपेक्षा कच्चं असतं. म्हणून नव्या सैनिकांच्या नडगीचे आणि पावलांचे ताण-फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त दिसतात. नडगीवर बोटाने एका ठिकाणी दाबल्यावर नेमकं दुखतं, एका पायावर उडी मारता येत नाही, ही खूण. पसरट दुखणं वेगळं, ते विश्रांतीने जातं. जहाजावर महिनोन् महिने लोखंडी डेकवर काम केलेला माणूस थेट कडक टप्प्यात उतरला तर त्याचा दम टिकेल, नडगी टिकेलच असं नाही.

दुसरं, स्नायू फुटणं. सवय नसताना एका दिवसात शेकडो उठाबशा किंवा पुल-अप्स काढले की स्नायूंतला घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली की सराव तिथेच बंद आणि थेट रुग्णालय. "पाणी पी आणि चालू दे" म्हणणारा प्रशिक्षक तेव्हा धोकादायक असतो.

तिसरं पोहण्यातलं. जोरात पोहताना फुप्फुसांत पाणी साठू शकतं, बुडलेलं नसतानाही. खोकला, छातीत घरघर, गुलाबी फेस. थकव्यात हे सर्दी समजून सोडून दिलं जातं. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोरोनाडोत हेल वीक (जवळपास झोपेविना काढायचा सगळ्यात कडक आठवडा) पूर्ण केलेला एक प्रशिक्षणार्थी काही तासांतच न्यूमोनियाने गेला आणि पुढच्या चौकशीत वैद्यकीय देखरेखीतल्या उणिवा नोंदल्या गेल्या. छाननी आधी असो वा नंतर, त्यानंतरचे २४ तास माणूस नजरेआड होता कामा नये. घाटवाट, याचा हिशेब तुमच्या मांडणीत नाही.

खाजनकाठ, दिवाडी

वैद्यकबाब, तुमचाच धागा पुढे नेतो. ब्रिटिश रॉयल मरीन्सकडे बघा. इंग्लंडातल्या लिम्पस्टोन तळावर नव्या जवानाचं प्रशिक्षण ३६ आठवड्यांचं असतं आणि चढण हळूहळू वाढते. आधी कपडे, बूट, शस्त्र, स्वच्छता, दोरावर चढणं, रायफलसह पोहणं. कमांडो चाचण्या येतात अगदी शेवटी: पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन ९ मैल ९० मिनिटांत, अडथळ्यांचा टारझन कोर्स १३ मिनिटांत, बोगदे आणि पाणथळीतून जाणारा एन्ड्युरन्स कोर्स, आणि डार्टमूरवर ३० मैल ८ तासांत. एन्ड्युरन्स कोर्सनंतर त्याच चिखललेल्या रायफलने नेम साधावा लागतो, म्हणजे पळतानाही शस्त्र जपावं लागतं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची जखमींसाठीची वेगळी तुकडी, हंटर. पाय मोडला म्हणून माणूस घरी जात नाही. तिथे बरा होतो, आणि सुटला होता त्याच टप्प्यापासून पुढच्या तुकडीत परत सुरू करतो. माणूस नापास झाला आणि माणसाचं हाड मोडलं, या दोन गोष्टी ते वेगळ्या धरतात. आपल्याकडेही प्रशिक्षणाचे टप्पे ठरवताना ही सोय पहिल्या पानावर असावी.

घाटवाट, सत्तरी

खाजनकाठ, तुलना चुकते आहे. लिम्पस्टोनला येणारा बहुतेक पोरगा थेट नागरी आयुष्यातून आलेला असतो. त्याला सैनिकही करायचं असतं आणि कमांडोही, म्हणून ३६ आठवडे. मार्कोसची तुलना करायचीच तर एसबीएसशी, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या खास दलाशी करा. तिथे आधीच प्रशिक्षित माणूस येतो, वेल्सच्या ब्रेकन बीकन्स डोंगरांत ओझं घेऊन एकट्याने चालतो, मग जंगल, आणि होड्या-डायव्हिंगचं खास शिक्षण त्यानंतर. पाण्यात लढणारं जगातलं एक उत्तम दलसुद्धा छाननी डोंगरात करतं.

वैद्यकबाबांचा २४ तासांचा मुद्दा मात्र बिनशर्त मान्य.

आणखी एक. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावर आयएनएस त्रिशूलवरून उतरलेली तुकडी जहाजावरच्याच नौसैनिकांची होती. गोळीबारात सात जण गेले. धैर्य त्यांच्याकडे पुरेपूर होतं. तसल्या कामासाठी वेगळा निवडलेला आणि वेगळा घडवलेला माणूस लागतो, ही गोष्ट गोव्यात तरी कुणाला समजावून सांगावी लागू नये. म्हणून निवड सैल करण्याला माझा विरोध आहे.

मांडवीतीर, पणजी

चर्चा वाचणारी बरीचशी मुलं अजून भरतीच्याच तयारीत आहेत, त्यांच्यासाठी मध्ये पडते. तुमचा पहिला दरवाजा मार्कोस नाही, नौदल आहे. अलीकडच्या अग्निवीर एसएसआर (बारावी पास मुलांच्या) भरतीत मुलांना १.६ किमी ६ मिनिटं ३० सेकंदांत धावायचं असतं, शिवाय २० उठाबशा आणि पुश-अप्स, सिट-अप्स. नंतर ओडिशात आयएनएस चिल्का या तळावर प्राथमिक प्रशिक्षण. कमांडोचा अर्ज त्याच्याही पुढे.

वरचा हातपाय बांधण्याचा सराव कुणीही समुद्रात, नदीत किंवा कांपालच्या तलावात मित्राला उभं करून करू नये. किनारपट्टी, हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. श्वास रोखून लांब जाण्याचंही तेच. आधी भराभर दीर्घ श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि श्वास घ्यायची ओढ तोच लावत असतो. ओढ लागत नाही, प्राणवायू मात्र संपत जातो, आणि माणूस कसलीही सूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध पडतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही जीव असे गेले आहेत. एक पाण्याखाली असताना दुसरा हाताच्या अंतरावर, नजर न हलवता. नाहीतर हा सराव नको.

किनाऱ्यावर धावायचं तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. भरतीला उरते ती उतरती पट्टी, तिच्यावर एकाच दिशेने धावलं की समुद्राकडच्या पायावर शरीर कलतं आणि गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. गेलात तेवढंच परत या. कोरड्या वाळूत सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ताणली जाते. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरू नका, जीवरक्षकांचं लाल निशाण असेल तिथे तर कधीच नाही.

चिखलात सरपटण्याचे व्हिडिओ बघून काही जण खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत उतरतात. मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी) ओहोटी लागताना पाणी दारांतून जोरात ओढतं आणि तिथली पोंय, म्हणजे पाणी साठणारा डोह, खोल असते. तिथे पाय ठेवू नका.

वैद्यक, फोंडा

यात भर. त्या गाळात कालवांच्या शिंपल्या असतात, कोपर-गुडघे कापतात. पावसाळ्यात असा काप घेऊन साचलेल्या पाण्यात राहिलात आणि आठ-दहा दिवसांनी ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल असं झालं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुताप) धरून चाला आणि डॉक्टरला चिखलाचं आवर्जून सांगा.

मे महिन्यातही जपा. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. धावताना कुणी बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला तर सावलीत बसवून वारा घालणं पुरत नाही. गळ्यापर्यंत थंड पाण्यात बुडवा, डोकं वर धरा, रुग्णवाहिका त्याच वेळी बोलवा. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते.

किनारपट्टी, वास्को

मांडवीतीरताई, तुमची सूचना रास्त आहे, धोक्याचा इशारा पहिल्या पोस्टच्या वर टाकतो.

घाटवाट, प्रशिक्षकांच्या संख्येचं तुमचं म्हणणं विचार करायला लावणारं आहे, म्हणून माझा प्रस्ताव बदलतो. छाननीच्या ठिकाणी चार आठवडे नकोत. नाव दिल्यापासून बोलावणं येईपर्यंत माणूस आपल्याच तळावर असतो. तिथे बारा आठवड्यांचा ठरलेला आराखडा द्या. आठवड्यात तीन दिवस तलाव: पहिला महिना साइडस्ट्रोक (कुशीवर पोहणं), ५०० मीटर न थांबता. दुसऱ्या महिन्यात फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख), तेही २०० मीटरपासून, कारण घोटे ताठ असले की पोटरीत गोळे येतात आणि माणूस सायकल चालवल्यासारखे गुडघे वाकवतो; पाय कमरेतून हलला पाहिजे. तिसऱ्या महिन्यात कपड्यांसह पोहणं आणि पाण्यात कपडे उतरवणं. ओझं घेऊन चालणं आठवड्यात एकदाच, दहा किलोपासून. बांधलेल्या हातापायांचं काहीही नाही, ते प्रशिक्षकांसमोरच.

यात निवड कुठे सैल होते?

घाटवाट, सत्तरी

एवढं असेल तर विरोध थोडा कमी होतो, संपत नाही. मोठ्या तळावरच्या माणसाला तलाव मिळेल. महिनोन् महिने समुद्रावर असलेल्या जहाजातला माणूस काय करणार? तुमच्या आराखड्याने तळावरचा पुढे जाईल आणि जहाजावरचा मागे पडेल, आणि मला तर जहाजावरचाच आधी हवा आहे. त्याला बोलावण्यापूर्वी सहा आठवडे किनाऱ्यावर आणायची सोय आराखड्यात लिहा, मग पुढचं बोलू. आणि जेमिनी बोट (हवा भरलेली रबरी बोट) डोक्यावर घेऊन चालायचा सराव असेल तर गट उंचीप्रमाणे पाडा, हेही त्यात घाला. मिश्र उंचीच्या गटात सगळा भार सगळ्यात उंच माणसाच्या मानेवर येतो, आणि तो चांगला असूनही गळतो.