आजोबांच्या युद्धाचा जाब नातवंडांना किती पिढ्या विचारायचा?

माजघर

मुद्दा सरळ मांडते. युद्ध संपल्यावर तीस वर्षांनी जन्मलेल्या माणसाला केवळ आडनावावरून नाझी म्हणणं हा वंशद्वेषच आहे. म्हणणाऱ्याचा देश तेव्हा न्याय्य बाजूनं लढला होता, एवढ्यानं तो क्षम्य होत नाही.

माझी आई पुण्याची, बाबा हॅनोव्हरचे. माझा जन्म १९७५ चा, इंग्लंडमधला, आणि शाळाही तिथलीच. सावळ्या रंगावरून मला जेवढं ऐकावं लागलं, तेवढंच आडनावावरूनही. हजेरीत नाव आलं की मागच्या बाकावर टाचा आपटल्या जायच्या, हात ताठ वर व्हायचे. इतिहासाच्या तासाला महायुद्धाचा धडा आला की सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. रंगावरून कुणी बोललं तर शिक्षक त्याला बाहेर उभं करायचे, टाचा आपटणाऱ्याला कधीच नाही. हा फरक मला तेव्हाही कळत होता. बाबांनी बसमध्ये आमच्याशी जर्मन बोलणं हळूहळू बंदच केलं.

१९९६ च्या युरो स्पर्धेत जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी एका मोठ्या खपाच्या दैनिकानं इंग्लंडच्या खेळाडूंना सैनिकी शिरस्त्राणं घालून पहिल्या पानावर छापलं आणि जर्मनांना शरण यायला सांगितलं. संपादकांना माफी मागावी लागली. युद्ध संपलं तेव्हा बाबा नुकते रांगायला लागले होते. तो अंक त्यांनी कचेरीत, सहकाऱ्यांच्या टेबलांवर पाहिला.

आणि हे हिटलरनंतरच सुरू झालं असंही नाही. पहिल्या महायुद्धात कॅनडातल्या बर्लिन शहराचं नाव बदलून किचनर केलं. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या गव्हर्नरांनी सार्वजनिक ठिकाणी आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात जमावानं रॉबर्ट प्रेगर या जर्मन कामगाराला झाडाला लटकवून मारलं. तो अमेरिकेच्या नौदलात भरती व्हायला गेला होता. खटल्यातले सगळे आरोपी सुटले.

सह्यकडा

शाळेत जे झालं ते वाईटच. पण प्रेगर आणि तुमचा वर्ग यांना एका माळेत ओवू नका. पहिल्या युद्धातला राग हा बराचसा सरकारी प्रचारानं पेटवलेला होता. दुसऱ्या युद्धाच्या आठवणीमागे खरी प्रेतं आहेत.

मला आक्षेप आहे तो ‘मूठभर नाझींनी केलं, बाकीचे साधे सैनिक’ या समजुतीला. जर्मन सैन्याच्या हाती सोव्हिएत युद्धकैदी लागले सुमारे ५७ लाख, त्यातले ३३ लाखांच्या आसपास मेले. बहुतेक उपाशी, थंडीत, उघड्यावर. त्यातल्या बहुसंख्य छावण्यांवर पहारा हिटलरच्या खास दलाचा नव्हता, नेहमीच्या लष्कराचा होता. १९९५ पासून हॅम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेनं लष्कराच्या गुन्ह्यांवर फिरतं प्रदर्शन काढलं, तेव्हा जर्मनीत केवढा गहजब झाला! लोकांना घरातल्या अल्बममधले आजोबा तिथे भिंतीवर बघवेनात. समाजमानसशास्त्रज्ञ हाराल्ड वेल्त्सर आणि सहकाऱ्यांनी जर्मन कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या, त्यात दिसलं की नातवंडांच्या तोंडी आजोबा हळूहळू वीर किंवा छुपे विरोधक होत जातात.

म्हणून विचारतो, राग मानू नका. तुमचे आजोबा कुठे होते?

पेठकर

इकडे पुण्यात उलटी तऱ्हा. आमच्या कंपनीत आलेल्या जर्मन इंजिनिअरला रिक्षावाल्यानं देश विचारला आणि आनंदानं हिटलरचं कौतुक सुरू केलं. तो बिचारा पांढरा पडला. हिटलरचं पुस्तक आपल्याकडे फुटपाथवर सर्रास मिळतं, ‘शिस्त हवी तर हिटलर हवा’ हे वाक्य शिकलेल्या घरांत ऐकू येतं. त्या जर्मनाला शिवीपेक्षा हे कौतुक जास्त लागलं, असं तो मला म्हणाला. त्याचं आयुष्य त्या माणसाला नाकारण्यात गेलं होतं.

शिवाय आपल्याच पुरंदर किल्ल्यावर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केलं होतं. हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूसुद्धा त्यात होते, पासपोर्ट जर्मन म्हणून. नावावरून माणूस ठरवला की काय होतं, ते तिथे गडावर घडलेलं आहे.

उत्तरवारा

मी नॉर्वेत राहते. माजघर यांच्या बाजूनं इथली गोष्ट सांगते. जर्मन ताब्याच्या पाच वर्षांत जर्मन सैनिक आणि नॉर्वेजियन स्त्रियांची सुमारे दहा ते बारा हजार मुलं जन्मली. देशाची सुटका झाल्यावर अनेक आयांना छावण्यांत डांबलं, जर्मनांशी लग्न केलेल्यांचं नागरिकत्व काढून घेऊन त्यांना जर्मनीला धाडलं. मुलांना ऑस्ट्रेलियाला पाठवून द्यायचं का, यावरही सरकारी पातळीवर विचार झाला. अनेकांचं बालपण मारहाणीत गेलं, काहींचं वेड्यांच्या इस्पितळात. आबा या संगीतसमूहातली आनी-फ्रीद ल्युंगस्ताद त्यांच्यापैकीच. नोव्हेंबर १९४५ चा जन्म, आजी तिला घेऊन स्वीडनला गेली.

पंतप्रधानांनी या मुलांची माफी मागितली २००० साली. आयांची मागितली २०१८ मध्ये, तेव्हा त्यातल्या फार थोड्या जिवंत होत्या. सह्यकडा, या मुलांच्या गावांतही खरी प्रेतं होती. तरी पाच वर्षांच्या पोराला मारणारा हात त्या प्रेतांच्या वतीनं उठला होता, हे मला मान्य नाही.

शनवारतेली

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आजोळ रेवदंड्याचं, जन्म इस्राएलमधला. माझ्या लोकांना हिटलरची झळ लागली नाही, पण आमच्या जिन्यात वरच्या मजल्यावर एक बाई राहायच्या, हातावर छळछावणीतला आकडा गोंदलेला. रेडिओवर जर्मन लागलं की त्या दार लावून घ्यायच्या. एकदा कुणाकडे तरुण जर्मन पाहुणी आली, तिच्या नमस्कारालाही त्यांनी उत्तर दिलं नाही. ती मुलगी रडली. माझ्या आईनं मुलीला पाणी दिलं, पण बाईंना एका शब्दानं बोलली नाही.

१९६५ मध्ये पश्चिम जर्मनीनं इस्राएलला पहिला राजदूत पाठवला, रोल्फ पाउल्स. हिटलरच्या सैन्यातला अधिकारी, युद्धात हात गमावलेला. लोक रस्त्यावर उतरले. त्यांनाही पूर्वग्रहदूषित म्हणणार का? माजघर, तुमच्या व्याख्येत त्या बाई कुठे बसतात, ते सांगा.

माजघर

सह्यकडांना आधी उत्तर देते. जर्मन सैनिकांचे कागद आता बर्लिनला राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत, अर्ज केला की कुटुंबीयांना मिळतात. मी मागवले. आजोबा पायदळात होते, १९४२ मध्ये बेलारूसमध्ये, १९४४ मध्ये तिथेच मारले गेले. कागदावर तुकडी आणि तारखा आहेत. त्यांनी काय केलं ते नाही. बेलारूसमध्ये त्या युद्धात सुमारे चौथाई माणसं गेली, शेकडो गावं रहिवाशांसकट जाळली गेली. त्या मुलखात दोन वर्षं बंदूक घेऊन फिरलेला माणूस निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. बाबाही म्हणत नाहीत. त्यांनी वडिलांचा फोटो कधी भिंतीवर लावला नाही.

शनवारतेली, त्या बाईंचं दार मी कधीच ठोठावणार नाही. ती पाहुणी मी असते तर मीही रडले असते आणि तरी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली नसती. माझी तक्रार मागच्या बाकाबद्दल आहे. त्या मुलांचं कुणी छळछावणीत गेलं नव्हतं. बेलारूस नकाशात दाखवा म्हटलं असतं तर दाखवता आलं नसतं. त्यांना मेलेल्यांशी देणंघेणं नव्हतं, त्यांना हसायला कुणीतरी हवं होतं. त्यांना माफ करा असं सांगताना लाखो मेलेल्यांची नावं घेतली जातात, तेव्हा मला मेलेल्यांचाच अपमान वाटतो.

सह्यकडा

कागद मागवलेत, हे मोठं काम केलंत. मागच्या बाकाबद्दल मी माझं म्हणणं मागे घेतो.

पण एक अडचण उरतेच. ८ मे १९८५ ला पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष रिशार्ड फॉन वाइत्सेकर म्हणाले की अपराध किंवा निर्दोषपणा व्यक्तीचा असतो, अख्ख्या राष्ट्राचा नसतो. भाषण थोर आहे. पण याच वाइत्सेकरांनी तरुणपणी न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात स्वतःच्या वडिलांच्या बचावपक्षात काम केलं होतं. वडील हिटलरच्या परराष्ट्र खात्याचे सचिव, शिक्षा झालेले, आणि मुलगा अखेरपर्यंत तो निकाल अन्यायाचा मानत राहिला. इतका सुजाण माणूसही आपल्या घरापाशी अडला. म्हणून बाहेरच्यांनी विचारत राहावं, असं मला वाटतं. शाळकरी पोरांनी नव्हे, पण कुणीतरी.

उत्तरवारा

विचारावं, पण मोठ्यांना. आणि ज्यानं कागद मागवलेत, त्याला तरी दर वेळी पहिल्यापासून नको.

शनवारतेली

माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं, त्याबद्दल आभार. पटलं का? अर्धं. त्या पाहुणीचा दोष नव्हता हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि आज पुन्हा तसं घडलं तर मीही आईसारखीच पाणी देईन आणि बाईंना काही बोलणार नाही. तुमच्या शिक्षकांनी मात्र बोलायलाच हवं होतं. ते कुणाच्याही वतीनं गप्प नव्हते.