व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) बोअर (भोक) ओव्हल येतोय, मदत हवी आहे (तातडीची)

शिरोली_वर्कशॉप:
मंडळी, बोअर ६२ मिमी, एच७ (ठरलेली मापाची सूट). गेज फिरवला की २४ मायक्रॉनचा (मिमीचा हजारावा भाग) फरक. पार्टीने अख्खा लॉट परत पाठवलाय, सोमवारी माल द्यायचाय. सर्व्हिसवाला फोनवरच म्हणाला बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा स्क्रू) गेला. कोटेशन बघून घाम फुटला. नक्की काय तपासू? लवकर सांगा.

टूलरूम_सातपूर:
बोरिंग बारने करताय की एंडमिल (कापणारं टूल) गोल फिरवून? बार असेल तर कापताना एक्स-वाय अक्ष हलतच नाहीत, मग बॉलस्क्रूचा संबंध काय? ओव्हल कुठल्या दिशेला? जॉब कशात पकडलाय?

भोसरीकर_काका:
सरळ बॅकलॅश आहे, स्क्रू-नटमधली ढिलाई. डायल (काट्याचा मापक) लावा, टेबल एका बाजूने आणा, मग हँडव्हीलने उलटं सरकवा. काटा जितका हलला नाही तितका आकडा बॅकलॅशच्या १८५१ पॅरामीटरमध्ये वाढवा. विषय संपला.

टूलरूम_सातपूर:
काका, बॅकलॅशने ओव्हल येत नाही. अक्ष उलटतो तिथे पायरी पडते. आणि आकडा वाढवून झिजलेला नट झाकला जातो, बरा होत नाही.

भोसरीकर_काका:
झाकून माल पास होतो ना? मग?

लेथ_प्रेमी:
टेपर (निमुळतेपणा) येत असेल तर टेलस्टॉक बघा. आमच्याकडे हमखास तोच निघतो.

शिरोली_वर्कशॉप:
टेपर नाही हो, लेथही नाही. एंडमिल २० ची, जी०२ (घड्याळाच्या दिशेने वर्तुळ), फीड (कापताना सरकण्याचा वेग) मिनिटाला ६०० मिमी. कास्टिंग आहे, फिक्स्चरवर वरून क्लॅम्प. ओव्हल तिरका, ४५ अंशांवर. कंट्रोल (मशीन चालवणारी यंत्रणा) फानुकचा. क्लॅम्प सोडण्याआधी मोजलं तरी तेवढाच.

मायक्रॉन_ताई:
तिरका आहे हे आधी सांगायचं ना! बॉलबार लावून घ्या. एक गोळा स्पिंडलला, एक टेबलला, मध्ये सेन्सरची दांडी. दोन्ही दिशांनी वर्तुळ फिरवलं की चौरसपणा (एक्स-वायचा काटकोन), बॅकलॅश, सर्वो (अक्षांच्या मोटरांचं नियंत्रण) सगळं वेगवेगळं दिसतं. आयएसओ २३०-४ हे मानक त्यासाठीच आहे. लेझरने मोजायची इथे गरज नाही.

भोसरीकर_काका:
आणि बॉलबारवाल्याचे पैसे कोण देणार?

मायक्रॉन_ताई:
बरं, फुकटात. भंगारातल्या तुकड्यावर तोच बोअर एकदा जी०२ ने, एकदा जी०३ ने (उलट्या दिशेने). ओव्हल जागेवरच राहिला तर एक्स-वाय काटकोनात नाहीत. पण इतक्या छोट्या बोअरला २४ यायचे तर चूक मीटरमागे ४०० मायक्रॉनच्या वर हवी. मशीन कुठे धडकलं असेल तरच. ओव्हल दिशा बदलून दुसऱ्या कर्णावर गेला तर सर्वो. फीड निम्मा करूनही एक काढा.

शिरोली_वर्कशॉप:
ताई, जी०३ ला ओव्हल १३५ वर गेला! फीड ३०० ला १२ मायक्रॉन.

मायक्रॉन_ताई:
मग बॉलस्क्रूची ऑर्डर थांबवा. दोन अक्षांचा लूप गेन (अक्ष आज्ञेमागे किती झटकन येतो तो आकडा) जुळत नाही. १८२५ पॅरामीटरमध्ये एक्स आणि वायचे आकडे बघा. वायला हल्ली कोणी हात लावलाय?

शिरोली_वर्कशॉप:
दिवाळीआधी मोटर बदलली होती, पण नंतर मशीन चालूच होतं की. एक्स ३०००, वाय २९००.

मायक्रॉन_ताई:
घ्या. फीड ६०० म्हणजे सेकंदाला १० मिमी. गेन ३० आणि २९ (पॅरामीटरमध्ये शंभरपट लिहितात) असला की वाय साधारण १.१५ मिलिसेकंद जास्त मागे राहतो, म्हणजे साडेअकरा मायक्रॉन. व्यासावर दुप्पट, २३. फीड फॉरवर्ड (हे मागे राहणं आधीच भरून काढणारी सोय) बंद असेल तर तुमचे २४ इथूनच आले.

टूलरूम_सातपूर:
मोटर बसवल्यावर वाय थरथरला असेल, म्हणून बहाद्दराने गेन उतरवला आणि निघून गेला. आधी पॅरामीटरचा बॅकअप घ्या, मग दोन्ही ३००० करा.

शिरोली_वर्कशॉप:
केलं. ५ मायक्रॉन, माल चालू केला. पण रॅपिडला (न कापता वेगाने सरकताना) वाय गुणगुणतोय.

भोसरीकर_काका:
तरी एकदा डायल लावून बघा.

मायक्रॉन_ताई:
आता काकांचं ऐका, डायल लावाच. आवाज चालताना येतो की थांबताना? मोटरच्या कपलिंगचे (मोटर-बॉलस्क्रू जोडाचे) स्क्रू कोणी आवळले होते?