‘मूळ आहे का बघायला मूळ काढ’ : यातलं कुठलं मूळ कुठलं?

शाहूपुरीकर : पुतण्या सातवीत. सुट्टीत लय त्रास द्यायला लागला म्हणून त्याला आमचाच कोल्हापूरचा पिनकोड दिला, ४१६००१. म्हटलं, ही मूळ संख्या आहे का सांग, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानं भाग जात नाही ना ते बघ. अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ नं भाग जाणार हे त्यानं लगेच ओळखलं. उरले १३८६६७. त्याला २३ नं भाग गेला, उरले ६०२९. इथं गडी अडला. मी म्हटलं, “६०२९ मूळ आहे का बघायला आधी मूळ काढ.” तर म्हणतंय, “काका, मूळ असंल तर त्याचं आणि मूळ कसं काढायचं?” आता बोला.

निवृत्त मास्तर : चूक पोराची नाही, तुमची. ‘वर्गमूळ’ असं पूर्ण म्हणा. तो शब्द जुना, भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) वर्गमूल आहेच. तिथं मूळ म्हणजे झाडाचं मूळ, वर्ग जिथून उगवला ते. ‘मूळ संख्या’मधलं मूळ हे विशेषण, मूळ गाव, मूळ पुरुष यातलं. ६०२९ चं वर्गमूळ ७७.६. तिचे दोन अवयव पडत असतील तर एक तरी ७७ च्या आत हवाच. तेव्हा २ पासून ७३ पर्यंतच्या २१ मूळ संख्यांनी भागून बघायचं, बस्स.

मंगळवार पेठ : तिसरं मूळ विसरलात सर. आमची आजी म्हणायची, “माहेराहून मूळ आलं.” म्हणजे लेकीला न्यायला माणूस आला. मुराळी त्यातलाच.

राजारामपुरी : हिंदीसारखं ‘अभाज्य’ का नको? गोंधळच संपला.

निवृत्त मास्तर : अभाज्य म्हटलं की १ सुद्धा आत शिरतो. ‘मूळ’ म्हटलं की बाकीच्या संख्या यांच्यापासून होतात हे कळतं. ४१६००१ = ३ × २३ × ६०२९. क्रम सोडला तर मूळ अवयव पाडायची दुसरी रीत नाही. १ ला मूळ मानलं तर पुढं १ × १ × १ कितीही लावत बसा. माझी तक्रार ‘सहमूळ’वर आहे. ४१६००१ आणि ४१६००२, दोन्ही मूळ नाहीत, तरी एकमेकींशी सहमूळ, कारण सामाईक अवयव फक्त १. उलट ‘जोडमूळ’ म्हटलं की दोन्ही मूळ हव्यातच आणि फरक २ चा, ११ आणि १३ सारख्या. पोरानं काय समजायचं?

मंगळवार पेठ : नावं ठेवावीत तर देवळालीच्या गणिती कापरेकर मास्तरांनी. अंकांच्या बेरजेनं भाग गेला की ‘हर्षद’, आनंद देणारी! त्यांच्या नावानं ओळखली जाणारी ६१७४ तशीच आहे, बेरीज १८, तिनं भागली की ३४३. आपला पिनकोड मात्र हर्षद नाही. बेरीज १२ आणि संख्या विषम, भाग जाणार कसा?

शाहूपुरीकर : पोरगं ७३ पर्यंत भागून उठलं. ६०२९ मूळच निघाली. ६७ ला बाकी ६६ आली तेव्हा ओरडलं, “काका, एकानं हुकलं!” ६७ × ९० = ६०३०. आता घरात ‘वर्गमूळ’ पूर्ण म्हणायचं ठरलंय.