गॉड ऑफ हायस्कूल : अ‍ॅनिमेवरून कॉमिक जोखू नका

'मारामाऱ्या जबरदस्त, पण गोष्ट पोकळ, मग मूळ कॉमिक कशाला वाचायचं?' असं 'गॉड ऑफ हायस्कूल'ची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, पाहून काही जण म्हणतात. मारामाऱ्यांचं मान्य, बाकीचं अजिबात नाही. पार्क योंगजे यांचं हे वेबटून, म्हणजे ऑनलाइन कॉमिक, नेव्हर या कोरियन संकेतस्थळावर २०११ ते २०२२ असं चाललं. माप्पा या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओने २०२० साली त्यातली शंभरेक प्रकरणं अवघ्या १३ भागांत कोंबली. साहजिकच आधी कात्री लागली ती माणसांना. हान दे-वी या पात्राचंच घ्या. कॅन्सरने आजारी असलेल्या मित्राच्या उपचारांसाठी हा पोरगा मिळेल ते काम करतो आणि त्याच पैशांच्या निकडीतून हायस्कूलच्या मुलांच्या मार्शल आर्ट्स स्पर्धेत उतरतो. हे मनात मुरायला वेळ मिळाला, तर कथानायक मोरीविरुद्धच्या लढतीत त्याचा प्रत्येक ठोसा आपल्यालाही लागतो. अ‍ॅनिमेत तेवढी उसंतच नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे कॉमिक मोबाइलवर खाली सरकवत वाचण्यासाठी रचलंय, त्यामुळे लढतीचा वेग चौकटींमधल्या मोकळ्या जागेवर ठरतो. मोरीचा पाय वर जातो, मग नुसती रिकामी जागा, आपण अंगठ्याने सरकवत राहतो आणि मग एकदम पडद्याभर आदळलेली लाथ! छापील पानावर शेजारची चौकट आधीच नजरेत येते, इथे ती लपलेली असते. सुरुवातीचं चित्रकाम कच्चं आहे, पण तेवढ्यावरून सोडू नका. पुढे पार्क यांचा हात विलक्षण सफाईदार होत जातो. निदान प्राथमिक फेऱ्या संपेपर्यंत तरी वाचाच.