प्रवाळ हलवणे आणि तारामासे वाढवणे
कोस्टल रोडच्या कामाआधी वरळी-हाजी अलीची प्रवाळे जशी दुसरीकडे लावली, तसे अमेरिकेतील सूर्यफूल तारामासेही उरल्यासुरल्या जागांतून उचलून का नेऊ नयेत, असे काही जण विचारतात. ही तुलना मला पटत नाही. २०१३ पासूनच्या रोगाच्या साथीत या तारामाशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मेले, त्यांचे भक्ष्य असलेले जांभळे अर्चिन (काटेरी, गोल समुद्री प्राणी) मोकाट वाढले आणि त्यांनी केल्पची, म्हणजे मोठ्या समुद्री शैवालाची, जंगले फस्त केली. वाचलेले हलवल्यास तिथलीही संख्या घटेल, शिवाय रोगाचा जिवाणू सोबत जाऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरच्या प्रयोगशाळेत हे तारामासे अंड्यांपासून वाढवतात. पारदर्शक डिंभक (अंड्यातून निघालेल्या अळ्या) काही आठवडे सूक्ष्म शैवाल खात तरंगतात, मग तळाला चिकटून पाच भुजांची पिल्ले होतात, आणि ती एकमेकांनाच खातात, ही खरी डोकेदुखी!