ग्रीक येण्याआधी इटलीच्या सिसिली बेटावर वस्ती होती, हे खापरांवरून कसं ठरवतात?

चाकावरचा_सोलापूरकर
घर कुंभाराचं. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या लग्नातली नवरी आमच्यातली, एवढं सांगितलं की सोलापुरात वेगळी ओळख लागत नाही. प्रश्न मात्र लांबचा आहे. सिसिलीतल्या कास्तेलुच्चो या जुन्या वस्तीच्या भांड्यांचे फोटो बघितले. पिवळसर-तांबूस अंगावर काळपट रेघा, जाळीची नक्षी, उंच पायाचे प्याले, आणि सगळं बिनचाकाचं, हातानं घडवलेलं! हात बसलेला माणूस होता बघा. काळ इ.स.पू. २००० च्या आसपासचा, आणि ग्रीकांची तिथली पहिली वसाहत नॅक्सोस इ.स.पू. ७३४ ची.
पण मडकं कुठंही नेता येतं की. आजोबा बैलगाडीत कडबा घालून रांजण बार्शीच्या बाजाराला न्यायचे. मग खापर सापडलं म्हणून तिथं लोक राहत होते, असं कसं म्हणायचं?

खापरशोध्या
दादा, आजोबांचे वाटेत किती रांजण फुटायचे? लांब जातं ते मोजकं आणि मोलाचं. रोजच्या वापरातली खापरं घरांत, थडग्यांत ढिगानं मिळाली की ती तिथलीच. शिवाय खापराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मातीतले वाळूचे कण कुठल्या दगडाचे ते कळतं, मग माती तिथलीच की बाहेरची ते ठरतं. सिसिलीतल्याच थाप्सोसच्या थडग्यांत मायसिनीकडची, म्हणजे प्राचीन ग्रीसमधली, रंगीत भांडी आहेत, पण शेजारी तिथलीच, रेघा कोरलेली राखाडी भांडीही आहेत.

चाकावरचा_सोलापूरकर
मायसिनीवाले म्हणजे ग्रीकच की हो! मग ग्रीक आधीच आले होते म्हणायचं का?

खापरशोध्या
भाषा ग्रीकच. पण ती भांडी व्यापारातून आली, वसाहत झाली नव्हती. वसाहती त्यानंतर कित्येक शतकांनी.

भीमाकाठ
आपल्याकडचं बघा. इनामगावची प्राचीन वस्ती घोड नदीवर, घोड पुढं आपल्या भीमेलाच मिळते. तिथली जोर्वे नावानं ओळखली जाणारी जुनी भांडी लाल अंगावर काळी नक्षी असलेली, टिचकी मारली तर खणखणतात. घराच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून. हे कुणी बाजारातून येता-जाता करत नाही.
एक मात्र सांभाळा. खापरावरून वस्ती कळते, लोकांचं नाव कळत नाही. प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस म्हणतो, सिकेल नावाचे लोक ग्रीकांच्या सुमारे ३०० वर्षं आधी बेटावर आले. कास्तेलुच्चोची भांडी त्याहून कितीतरी जुनी, त्यामुळं त्यांना 'सिकेलांची' म्हणणं चूकच.

चाकावरचा_सोलापूरकर
पटलं. आमच्या आव्यामागं वाकडी, चिरलेली मडकी ढीगभर पडलीत. ती फुकट दिली तरी कुणी नेत नाही. आई टाकू देत नाही, कोंबड्या त्यात अंडी घालतात. असला ढीग सिसिलीत कुठं सापडलाय का?