आईच्या गुडघ्यासाठी इंजेक्शन: स्टिरॉइड, जेल की पीआरपी?

लालबागची लेक
आई 68 वर्षांची. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, लाकडी जिना आणि तोही उभा. चार वर्षं उजवा गुडघा दुखतोय, आता दळण आणायलाही ती खाली उतरत नाही. एक्स-रेत ग्रेड 3 आलंय, म्हणजे झीज बरीच आहे. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. एका डॉक्टरांनी पीआरपीची, म्हणजे तिच्याच रक्तापासून केलेली, तीन इंजेक्शनं सांगितली, ‘गादी परत भरून येईल’ म्हणाले. दुसऱ्यांनी जेल, म्हणजे सांध्यात वंगणासारखं सोडतात ते इंजेक्शन, सांगितलं. फॅमिली डॉक्टर म्हणतात, स्टिरॉइड घेऊन बघा. ऑपरेशनचं नाव काढलं की आईच्या डोळ्यांत पाणी येतं. कुणी स्वतः घेतलंय का?

बेस्टचा निवृत्त ड्रायव्हर, विक्रोळी
ताई, मी दोन प्रकारची घेतलीत. 31 वर्षं बस चालवली, क्लचचा डावा गुडघा गेला.

पहिलं स्टिरॉइड. डॉक्टरांनी वाटीच्या कडेनं बोट फिरवून जागा शोधली, आयोडीन लावलं आणि आधी सुईनं पाणी ओढलं. मधासारखं पिवळं, सिरिंज भरून. ते निघालं तेव्हाच अर्धा ताण गेला. मग औषध सोडलं. दोन दिवस पाय जड होता, तिसऱ्या दिवशी कन्नमवार नगरच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन चालत घरी आलो. बायकोला खरं वाटेना.

पण मलाही शुगर आहे. एरवी उपाशीपोटी 130 च्या आसपास, इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 268! आठवड्याभरात खाली आली. असं होऊ शकतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून गेलेला नाही. आईला स्टिरॉइड द्यायचं ठरलं तर शुगरच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि आठवडाभर रोज मशीनवर मोजा.

आराम दहा आठवडे टिकला. दुसऱ्या वेळी सातच. नंतर जेल घेतलं, 17 हजार गेले, मला काही फरक कळला नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंना मात्र जेलनंच सहा महिने बरं वाटलं.

फिजिओ, परळ
‘गादी भरून येईल’ हे वाचून वाईट वाटलं. झिजलेली कूर्चा, म्हणजे हीच गादी, कुठल्याही इंजेक्शननं परत भरून आल्याचं सिद्ध झालेलं नाही. पीआरपी म्हणजे पेशंटचंच रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग गुडघ्यात सोडतात. 2021 साली ऑस्ट्रेलियातल्या 288 जणांच्या चाचणीचे निकाल आले. काहींना पीआरपीची तीन इंजेक्शनं, बाकीच्यांना नुसतं सलाइन. वर्षानंतर दुखण्यात किंवा कूर्चेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. जेलही सरसकट देऊ नका, असं अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या संघटनेनं त्याच वर्षी सांगितलंय.

स्टिरॉइडनं सूज उतरते, पण काही आठवड्यांपुरती. आणि ते दर तीन महिन्यांनी घेत राहू नये. 2017 च्या एका चाचणीत दोन वर्षं काहींना तसं स्टिरॉइड दिलं, बाकीच्यांना सलाइन, तर स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दुखणं मात्र तेवढंच राहिलं.

माझ्याकडे येणारे बरेच जण दुखणं थांबलं की व्यायाम सोडतात. खरं तर तेच आठवडे मांडीचे स्नायू कमवायचे असतात. आईला पलंगावर पाय पसरून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून पाच आकडे मोजायला सांगा. दहादा, सकाळ-संध्याकाळ. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी डाव्या हातात, उजवा गुडघा दुखतोय म्हणून. आणि चाळीतला संडास भारतीय असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची आजच आणा.

सांताक्रूझची सून
सासूबाईंचं ऑपरेशन आम्हाला पुढे ढकलावं लागलं, कारण नुकतंच स्टिरॉइड घेतलं होतं. इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत गुडघा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, असं सर्जन म्हणाले. पुढेमागे ऑपरेशनचा विचार असेल तर इंजेक्शनची तारीख लिहून ठेवा.

लालबागची लेक
काका, शुगरचं आम्हाला तिघांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. खूप आभार. पीआरपीची सोमवारची वेळ रद्द केली. काठी आई इतके दिवस उजव्याच हातात धरत होती. आज डाव्या हातात देऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरवलं, वर येताना मधे एकदाच थांबली.